ग्राफिक्स कार्डचा बायोस बदलताना

ग्राफिक्स कार्डच्या पाटीवर कुठेतरी कोपऱ्यात आठ पायांची एक बारीक चिप असते. कोर किती वेगाने पळणार, त्याला किती व्होल्टेज मिळणार, मेमरीचं टायमिंग काय, पंखा कधी जोर धरणार, किती वॅटला लगाम बसणार, हे सगळं त्या चिपमधल्या काहीशे किलोबाइटच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ही फाइल म्हणजे व्हीबायोस. बोलताना सगळे नुसतं बायोसच म्हणतात.

ही फाइल बदलून कार्ड खरंच वेगवान होतं का? होतं, आणि कंपन्यांनीही ते केलेलं आहे. जानेवारी 2020 मध्ये रेडिऑन आरएक्स 5600 एक्सटी बाजारात येण्याच्या अगदी तोंडावर एएमडीने नवा बायोस दिला. त्यात मेमरीचा वेग 12 वरून 14 गिगाबिटवर गेला, म्हणजे बँडविड्थ सेकंदाला 288 गिगाबाइटवरून 336 वर. कार्ड तेच, चिपही तीच, फक्त फाइल वेगळी. ज्यांच्या हाती जुन्या बायोसची कार्डं पडली, त्यांनी नंतर घरी बसून तो फ्लॅश केला, म्हणजे चिपवर नव्याने लिहिला.

हे काम अवघड नाही. मात्र नवखे लोक ते उलट्या क्रमाने करतात. आधी वेग वाढवतात, आणि स्क्रीन काळी झाली की मूळ फाइल शोधत बसतात. म्हणून या लेखात परतीची वाट आधी येते आणि वेग नंतर.

तुमचं कार्ड या वाटेने जातं का?

प्रत्येक कार्डचा बायोस बदलता येत नाही. हे आधी तपासलंत तर दोन दिवस वाचतील.

एनव्हीडियाच्या जीटीएक्स 600 आणि 700 मालिकांसाठी केपलर बायोस ट्वीकर, तर 900 मालिकेसाठी मॅक्सवेल टू बायोस ट्वीकर आहे. या पिढ्यांमध्ये फाइल उघडून आकडे बदलता येतात. 2016 मध्ये आलेल्या पास्कल पिढीपासून, म्हणजे जीटीएक्स 10 मालिकेपासून, कार्ड स्वतःच बायोसची डिजिटल सही तपासतं. एक आकडा बदलला तरी सही जुळत नाही. अशा कार्डवर फार तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या उत्पादकाचा, जास्त वॅटची मुभा असलेला, सहीसकटचा बायोस टाकता येतो. त्यातही पॉवर कनेक्टर, पंखे आणि मागची पोर्टं सारखी असावी लागतात. नाहीतर एखादं डिस्प्लेपोर्ट बंद पडतं किंवा एक पंखा फिरतच नाही.

एएमडीकडे पोलारिस, म्हणजे आरएक्स 470, 480, 570, 580 ही मंडळी शिकायला सर्वांत सोयीची. एएमडीच्या ‘वेगा’ पिढीत फाइलमधले आकडे थेट बदलण्यापेक्षा आरएक्स वेगा 56 वर वेगा 64 चा बायोस टाकायची पद्धत होती. त्यामुळे एचबीएम प्रकारच्या मेमरीचं व्होल्टेज 1.25 वरून 1.35 होतं आणि मेमरी 800 मेगाहर्ट्झच्या बरीच वर नेता येते. पण शेडर, म्हणजे कोरमधले गणित करणारे लहान घटक, 3584 चे 4096 होत नाहीत. आरएक्स 5700 वर एक्सटीचा बायोस टाकला तरी तेच: वेग आणि वॅटची मर्यादा वाढते, शेडर 2304 च राहतात. बायोस बदलून बंद शेडर उघडण्याचे दिवस वेगळे होते. 2010 च्या अखेरीस आलेल्या एचडी 6950 मध्ये कित्येकांचे 1408 शेडर 1536 झाले होते. आता त्या आशेने कुणी हात घालू नये.

आरएक्स 6000 आणि त्यानंतरची कार्डं, आरटीएक्सची बहुतेक सगळी कार्डं, आणि कुठलाही लॅपटॉप असेल तर बायोसला हात लावू नका. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचा बायोस बऱ्याचदा मदरबोर्डच्याच फर्मवेअरमध्ये असतो. तिथे चूक झाली तर अख्खा लॅपटॉप अडकतो. अशा सगळ्यांना एमएसआय आफ्टरबर्नर किंवा एएमडीच्या ड्रायव्हरमधली ट्यूनिंगची सोय पुरते, आणि त्यातून मिळणारा फायदा फार कमी नसतो. लिनक्सवर एएमडी कार्ड असेल तर कर्नलला एक पॅरामीटर देऊन हीच दारं उघडतात. माझा आग्रह असा की पोलारिसवाल्यांनीही आधी आठवडाभर सॉफ्टवेअरनेच प्रयोग करावेत. जे आकडे तिथे टिकतील तेच बायोसमध्ये लिहावेत. बायोस ही आकडे कायम करायची जागा आहे, शोधायची नव्हे.

इथून पुढे उदाहरण आरएक्स 570 आणि 580 चं घेतो. सेकंड हँड बाजारात ही कार्डं भरपूर फिरतात, आणि त्याचं कारण महत्त्वाचं आहे. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग, म्हणजे गणितं सोडवून नाणी कमावणं, बंद झालं. तोवर रात्रंदिवस मायनिंगला जुंपलेली कार्डं बदललेल्या बायोससकट विकली गेली. त्यामुळे तुमच्या हातातल्या कार्डमध्ये आधीच कुणाचा तरी बायोस असू शकतो. कोरचा वेग विचित्रपणे कमी दिसतोय, खेळात कार्ड मान टाकतंय, ड्रायव्हर बसवताना विंडोज ‘कोड 43’ ही चूक दाखवतंय, ही त्याची लक्षणं. अशा कार्डला नवा बदल नको असतो. मूळ बायोस परत टाकला की तीच त्याची सर्वांत मोठी वेगवाढ.

आधी परतीची वाट

जीपीयू-झेड, म्हणजे कार्डची माहिती दाखवणारा छोटा प्रोग्रॅम, उघडा. बायोस व्हर्जनच्या ओळीशेजारी एक लहान बाण आहे, त्यावर क्लिक करून फाइल सेव्ह करा. पोलारिसची फाइल साधारणपणे 256 किलोबाइटची, नेमकं सांगायचं तर 262144 बाइटची भरते. मग हेच काम एएमडीव्हीबीफ्लॅश या बायोस वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने पुन्हा करा. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, प्रोग्रॅमला आधी आय हा पर्याय देऊन कार्डांची यादी आणि क्रमांक पाहायचा, मग एस हा पर्याय, तो क्रमांक आणि फाइलचं नाव द्यायचं. दोन वेगळ्या साधनांनी काढलेल्या दोन फाइलींचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेले ठसे, जुळवा. विंडोजमधला सर्टयुटिल त्याला पुरे. हॅश जुळले तर बॅकअप खरा. नाही जुळले तर पुढे जाऊ नका.

ही फाइल त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर ठेवून समाधान मानू नका. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक फोनमध्ये. नाव असं द्या की वर्षानेही कळावं: मॉडेल, मेमरी कुणाची, तारीख, आणि पुढे ‘मूळ’ हा शब्द.

दुसरी गोष्ट, कार्डच्या कडेला बारीक सरकतं बटण आहे का ते पाहा. असेल तर कार्डमध्ये दोन बायोस चिपा आहेत आणि तुमचं अर्धं काम सोपं झालं. एक चिप कायम अस्पर्श ठेवायची, ठरवून.

बटण नसेल तर मदरबोर्डला स्वतःचा डिस्प्ले आहे का ते बघा, म्हणजे प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का. तेही नसेल तर एखादं जुनंपानं दुसरं कार्ड हाताशी हवं. फ्लॅश बिघडला तर चित्र दिसायला काहीतरी लागणारच.

आणि एक गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात. विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्या किंवा बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. पुढे सिक्युअर बूट, म्हणजे सही न जुळणारं फर्मवेअर अडवणारी मदरबोर्डची सोय, बंद करावं लागू शकतं, आणि ते बंद केलं की पुढच्याच वेळी विंडोज 48 अंकी की मागतं.

फाइल उघडल्यावर काय दिसतं

जीपीयू-झेडमध्ये मेमरी टाइपच्या ओळीत कंसात मेमरी उत्पादकाचं नाव असतं: सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन किंवा एल्पिडा. ते कागदावर लिहा. शेडरची संख्याही लिहा. आरएक्स 580 च्या नावाखाली 2048 शेडरचं एक कार्डही विकलं जातं. त्यावर 2304 शेडरच्या 580 चा बायोस चालत नाही. बाहेरून फाइल आणायची वेळ आली तर टेकपॉवरअपचा बायोस संग्रह वापरा, पण उत्पादक, मॉडेल, मेमरीचा आकार आणि मेमरीचा उत्पादक असं चारही जुळल्याशिवाय उतरवू नका.

आता सेव्ह केलेल्या फाइलची प्रत पोलारिस बायोस एडिटरमध्ये उघडा. मूळ फाइल कधीच उघडायची नाही, नेहमी प्रत.

डावीकडे वरती कार्डची ओळख असते, मग वॅट आणि तापमानाच्या मर्यादा, पंख्याचे आकडे, कोरच्या वेगांचा तक्ता, मेमरीचा तक्ता आणि टायमिंगचे लांबलचक धागे. कोरच्या तक्त्यात शून्य ते सात अशा आठ पायऱ्या असतात. वेगाचे आकडे लगेच समजतात. व्होल्टेजच्या रकान्यात मात्र 65282, 65283 असे आकडे 65288 पर्यंत चढत गेलेले दिसतात आणि नवखा माणूस गोंधळतो. हे मिलिव्होल्ट नव्हेत. ‘या चिपची प्रत पाहून व्होल्टेज तू ठरव’ असा तो ड्रायव्हरला दिलेला निरोप आहे. प्रत्येक चिपची गळती थोडी वेगळी असते, म्हणून कारखाना सगळ्यांना पुरेल असं ऐसपैस व्होल्टेज देतो.

खरी कमाई इथेच आहे. कोर जितकी वीज खातो ती साधारणपणे वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. शेवटच्या पायरीला 1150 मिलिव्होल्ट मिळत असतील आणि तुमची चिप 1050 वर त्याच वेगाने नीट चालत असेल, तर 1.05 ला 1.15 ने भागून वर्ग करा: 0.83. म्हणजे तेवढ्याच कामाला कोरची वीज सुमारे 17 टक्के कमी. मग कार्ड वॅटच्या मर्यादेला धडकत नाही, तापून मागे सरत नाही, आणि कागदावर लिहिलेला बूस्टचा वेग प्रत्यक्षात धरून ठेवतं. वेग वाढवायला आलेल्या माणसाला मी आधी व्होल्टेज कमी करायला सांगतो ते यासाठी.

सॉफ्टवेअरने शोधलेला स्थिर आकडा सातव्या पायरीला लिहा, आणि त्यावर 25 मिलिव्होल्टची उशी ठेवा. खालच्या पायऱ्यांना क्रमाने कमी. एक खाच लक्षात ठेवा: मेमरीच्या तक्त्यातही व्होल्टेजचा रकाना असतो. तो मेमरी चिपांचा नाही, कोरसाठीचा तळ आहे. मेमरी पूर्ण वेगात असताना कोरचं व्होल्टेज त्या तळाखाली जात नाही. कोरला 900 लिहिलं आणि मेमरीच्या ओळीत 1000 राहिलं तर कार्ड 1000 च घेतं, आणि आपला बदल लागूच झाला नाही असं वाटत राहतं.

वॅटची मर्यादा वाढवायची तर आधी कनेक्टर मोजा. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट 75 वॅट देतो, सहा पिनांचा कनेक्टर 75, आठ पिनांचा 150. 2016 मध्ये आरएक्स 480 बाजारात आलं तेव्हा मूळ डिझाइनचं कार्ड स्लॉटमधून नेमापेक्षा जास्त वीज ओढत होतं, आणि एएमडीला ड्रायव्हरमधून ते दुरुस्त करावं लागलं. त्या कार्डला सहा पिनांचा एकच कनेक्टर होता. एडिटरमधला वॅटचा आकडा फक्त कोरचा असतो. मेमरी, पंखे आणि वीज रूपांतराची घट त्यावर वेगळी. त्यामुळे 10 टक्क्यांपलीकडे मी कुणालाच जा म्हणणार नाही. तापमानाच्या आणि बंद पडण्याच्या मर्यादांना तर हातच लावू नका.

मेमरीचे टायमिंग

मेमरीच्या प्रत्येक वेगासाठी बायोसमध्ये एक स्ट्रॅप असतो: 48 बाइटचा, म्हणजे 96 अक्षरांचा धागा. शून्य ते नऊ आणि ए ते एफ. वेग वाढला की स्ट्रॅप सैल होतो, म्हणजे मेमरी प्रत्येक हालचालीआधी घड्याळाचे जास्त ठोके थांबते. युक्ती अशी की 1500 मेगाहर्ट्झचा घट्ट स्ट्रॅप उचलून 1750 आणि 2000 च्या ओळींवर डकवायचा. मायनिंगवाले सगळे हेच करत. खेळांत फायदा थोडाच मिळतो, आणि मेमरीवर ताण असलेल्या खेळांतच तो जाणवतो.

धोका ओळीच्या सुरुवातीला आहे. ओळी 0:1500, 1:1500 अशा दिसतात. कोलनच्या आधीचा आकडा म्हणजे कुठल्या मेमरी चिपसाठी. एकाच बायोसमध्ये दोन-तीन उत्पादकांच्या मेमरीचे स्ट्रॅप असतात, कारण कारखान्यात जी मेमरी मिळेल ती बसवली जाते. माझ्या पहिल्याच कार्डवर मी शून्याच्या ओळीतला स्ट्रॅप एकच्या ओळीत डकवला. विंडोज सुरू झालं, डेस्कटॉप दिसला, आणि पाच मिनिटांनी स्क्रीनभर हिरवे ठिपके उगवायला लागले. बॅकअप होता म्हणून ते कार्ड आजही चालतंय. त्या दिवसापासून मी डकवण्याआधी दोन्ही ओळींचे पहिले आकडे मोठ्याने वाचतो.

सेव्ह करताना एडिटर चेकसम, म्हणजे फाइल शाबूत आहे का ते पडताळायचा आकडा, स्वतः दुरुस्त करतो. फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडून बघायची हौस असेल तर पहिले दोन बाइट 55 आणि एए दिसले पाहिजेत. ते नसतील तर फाइल बिघडलेली आहे.

फ्लॅश

सगळे प्रोग्रॅम बंद करा, मॉनिटरिंगचेसुद्धा. वीज जायची शक्यता असेल तर यूपीएसवर काम करा. एएमडीव्हीबीफ्लॅशला पी हा पर्याय, कार्डचा क्रमांक आणि नव्या फाइलचं नाव द्या. अर्ध्या-एक मिनिटात जुना आणि नवा पार्ट नंबर दाखवून मशीन रीस्टार्ट करा असा निरोप येतो. रीस्टार्टवर भागवू नका. मशीन पूर्ण बंद करा, पुन्हा सुरू करा.

एफ हा सक्तीचा पर्याय अनेक ठिकाणी सरसकट सुचवलेला दिसेल. पहिल्या वेळी तो देऊ नका. प्रोग्रॅम तुमची फाइल नाकारत असेल तर बहुतेक वेळा ती फाइल या कार्डची नसते, आणि त्याचं ऐकणं शहाणपणाचं.

एनव्हीडियाच्या जुन्या कार्डांसाठी हेच काम एनव्हीफ्लॅश करतो. तिथे आधी लेखनसंरक्षण काढावं लागतं, आणि मध्येच स्क्रीन काही सेकंद काळी होते. तेवढ्यात घाबरून बटण दाबू नका.

बदललेल्या बायोसवर एएमडीचा विंडोज ड्रायव्हर सही तपासतो आणि चालू व्हायला नकार देतो. त्यासाठी एटीआय पिक्सेल क्लॉक पॅचर नावाचं छोटं साधन चालवावं लागतं, आणि ड्रायव्हर अपडेट केला की दर वेळी पुन्हा. सिक्युअर बूट चालू असेल तर मदरबोर्डही बदललेला बायोस नाकारू शकतो. तेव्हा ते बंद करून सीएसएम, म्हणजे मशीन जुन्या पद्धतीने सुरू करायची सोय, चालू करावं लागतं. काही ऑनलाइन खेळांच्या फसवणूकविरोधी यंत्रणा सिक्युअर बूट मागतात. तुमचा आवडता खेळ त्यातला असेल तर बायोस बदलणं तुमच्यासाठी नाही.

तपासणी

पहिल्या रात्री एवढंच बघा: जीपीयू-झेडमध्ये शेडर, मेमरी आणि वेग बरोबर दिसतात का. मग युनिजिन सुपरपोझिशन अर्धा तास फिरवा. ओसीसीटीमधली मेमरीची चाचणी तासभर चालू द्या, आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा. त्यात जीपीयू मेमरी एरर्सची ओळ असते. जीडीडीआर5 मेमरीत चूक पकडून पुन्हा पाठवायची सोय आहे, त्यामुळे वेग जास्त ताणला तरी स्क्रीनवर काहीच बिघडलेलं दिसत नाही. मेमरी गुपचूप तेच तेच पुन्हा पाठवत राहते आणि फ्रेम कमी होतात. आकडा शून्यावर राहिला पाहिजे. दहा-वीस चुकांनी काय होतंय, असं म्हणू नका. 25 मेगाहर्ट्झ खाली या, पुन्हा फ्लॅश करा, पुन्हा तासभर.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आज व्होल्टेज, ते चार दिवस टिकलं की मेमरी. दोन्ही एकदम बदलून मशीन अडकलं तर कुणामुळे ते कळत नाही.

चित्रच आलं नाही तर

दोन बायोसचं कार्ड असेल तर मशीन बंद करा, बटण सरकवा, चांगल्या बायोसवर सुरू करा. विंडोज पूर्ण उघडल्यावर, मशीन चालू असतानाच, बटण परत बिघडलेल्या बाजूला सरकवा आणि मूळ फाइल फ्लॅश करा.

एकच बायोस असेल तर मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावा, मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये पहिला डिस्प्ले आतला निवडा. बहुतेक वेळा बिघडलेलं कार्ड यादीत दिसतं आणि मूळ फाइल टाकता येते. सक्तीचा पर्याय इथे कामी येतो.

यादीतही दिसत नसेल तर सीएच341ए हा स्वस्तातला प्रोग्रॅमर आणि आठ पायांची क्लिप लागते. कार्ड मशीनमधून काढा, चिपवर बारीक ठिपका शोधा, तो पहिला पाय. क्लिपची लाल तार त्या बाजूला. आधी चिपवरचा नंबर वाचून तिचं व्होल्टेज शोधा: पोलारिसच्या चिपा 3.3 व्होल्टच्या असतात, नव्या अनेक कार्डांच्या 1.8 च्या, आणि त्यांना मधला अडॅप्टर लावला नाही तर चिप जळू शकते. लिनक्सवरच्या फ्लॅशरॉमने चिप दोनदा वाचा. दोन्ही वाचनं सारखी नसतील तर क्लिप नीट बसलेली नाही, पुन्हा बसवा. चिप 512 किलोबाइटची आणि तुमची फाइल 256 ची असेल तर फ्लॅशरॉम आकार जुळत नाही म्हणून अडतो. फाइलच्या शेवटी एफएफ बाइट भरून ती चिपएवढी करा, मग लिहा. लिहून झाल्यावर फ्लॅशरॉम स्वतःच पडताळून पाहतो. पडताळणी पूर्ण झाल्याचा निरोप आल्याशिवाय क्लिप काढू नका.